सर्व्हेचं टेबल समोर आलं की भागायचं कशानं?

दहावीच्या बीजगणितात संभाव्यता येते ती नाणी, फासे आणि पत्ते घेऊन. तिथं सगळं आधीच ठरलेलं, फाशाला सहा बाजू, पत्ते बावन्न. पण सर्व्हेचं टेबल पुढ्यात आलं की चांगली चांगली पोरं अडखळतात, आणि मला वाटतं अडतं ते फॉर्म्युल्यावर नाहीच, कशानं भागायचं हेच ठरलेलं नसतं.

लोकलचंच घ्या (आकडे मी सोयीसाठी धरलेत, खरे नाहीत). समजा २०० प्रवाशांना विचारलं, लाईन कुठली आणि पास की तिकीट. वेस्टर्नचे ९०, त्यात पासवाले ५४, तिकीटवाले ३६. सेंट्रलचे ८०, त्यात ६० आणि २०. हार्बरचे ३०, त्यात १८ आणि १२. म्हणजे एकूण पासवाले १३२, तिकीटवाले ६८.

यातून डोळे मिटून एकाला निवडलं तर तो सेंट्रलचा असण्याची संभाव्यता ८०/२००, म्हणजे ०.४०. पासवाला असण्याची १३२/२००, ०.६६. सेंट्रलचा आणि पासवालाही, तर ६०/२००, ०.३०. "किंवा" आलं की मात्र ८० आणि १३२ ची नुसती बेरीज करून चालत नाही, ते ६० जण दोन्हीकडे मोजले गेलेत, ते एकदा वजा केले की १५२ उरतात, म्हणजे ०.७६.

आता खरा भाग. माणूस सेंट्रलचा आहे हे आधीच कळलंय, मग त्याच्याकडे पास असेल का? बाकीचे १२० जण हिशोबातूनच गेले, उरले ८०, म्हणून ६०/८० = ०.७५. आणि पासवाला आहे हे कळलंय, तर तो सेंट्रलचा असेल का? आता ६०/१३२, साधारण ०.४५. वरचे ६० जण तेच, फक्त खालचा आकडा बदलला आणि उत्तर कुठल्या कुठे गेलं! बोलताना लोक ही दोन वाक्यं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, मला ते फार खुपतं. आणि एकूणात पासचं प्रमाण ०.६६ असताना सेंट्रलवर ०.७५ आणि बाकी दोन्ही लाईनवर ०.६० येतंय, म्हणजे या टेबलात लाईन आणि पास स्वतंत्र नाहीत, लाईन कळली की पासची संभाव्यता बदलते.

पण टेबल बनतं कसं तेही बघा ना. डोंबिवलीहून निघून दादरला गाडी बदलून अंधेरीला जाणारा कुठल्या रकान्यात? दोन्हीकडे टाकला तर बेरीज २०० च्या वर जाते आणि सगळे भागाकार बिघडतात. त्यापेक्षा "आज पहिली लोकल कुठल्या लाईनची पकडली" असं विचारा, एक माणूस एकाच रकान्यात बसतो. आणि सर्व्हे फक्त दादरला उभं राहून केलात तर हार्बरवाले जवळपास मिळणारच नाहीत, हार्बर दादरला येतच नाही, कुर्ला-वडाळ्यालाही उभं राहावं लागेल.

हार्बरचे ३० तसे कमीच आहेत, तिघांनी उत्तर बदललं तरी तिथलं प्रमाण ०.१० नं हलू शकतं. म्हणून वडाळ्याला जाऊन आणखी १०० हार्बरवाल्यांना विचारलंत तर चांगलंच, हार्बरवाल्यांपैकी पासवाले किती हे जास्त भरवशानं सांगता येईल. फक्त मग प्रवाशांमध्ये हार्बरवाले किती, हे त्या नव्या टेबलातून काढू नका, त्यांना तुम्ही मुद्दाम जास्त संख्येनं घेतलंय.