बांगड्याचा वास आणि आतड्यातले जिवाणू

शिळ्या बांगड्याचा जो उग्र वास नाकात शिरतो, तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या वायूचा असतो. समुद्री माशांच्या मांसात टीएमएओ नावाचा पदार्थ मुळातच असतो आणि मासा मेल्यावर जिवाणू त्याचा हा वायू बनवतात. म्हणून आमच्या मालवणच्या बाजारात बायका कल्ला उघडून लाली पाहतात आणि तरीही हुंगल्याशिवाय वाटा उचलत नाहीत. कालवणात सोलं पडली की त्यांतले आम्ल या अल्कधर्मी वायूला बांधून टाकते आणि वास उतरतो.

हाच वायू आपल्या आतड्यातही तयार होतो. अंड्याच्या बलकातले कोलीन आणि मटणातले कार्निटीन यांपासून तेथील जिवाणू तो बनवतात, यकृत त्याचे टीएमएओ करते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातील टीएमएओचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने 2011 मध्ये मांडला. त्याच गटाने 2013 मध्ये दाखवले की, तेच कार्निटीन दिले तरी शाकाहारी माणसांच्या शरीरात टीएमएओ फारच कमी बनते, कारण त्यांच्या आतड्यातली जिवाणूंची वस्तीच वेगळी असते.

मग रोज मासळी खाणाऱ्या आम्ही घाबरावे का? मासे खाल्ल्यावर काही तास रक्तातील टीएमएओ मटण किंवा अंडी खाल्ल्यापेक्षाही कितीतरी जास्त वाढते, तरीही मासे खाणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळत नाही. शिवाय मूत्रपिंडे थकली की टीएमएओ रक्तात आपोआपच साचते, मग खाणे कसेही असो. म्हणून या एका आकड्यावरून ताटातली सुरमई काढून टाकणे मला मुळीच पटत नाही.

मला काळजी वाटते ती ताटातून गेलेल्या कुळथाची. कडधान्यांतले तंतू आंबवून मोठ्या आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल बनवतात, आणि तिथल्या अस्तराच्या पेशींना लागणारी सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातूनच मिळते. तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू आतड्याच्या चिकट संरक्षक थरावरच गुजराण करू लागतात आणि तो थर पातळ होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. आमच्याकडे तरुण मुले बांगडा आवडीने मागतात, पण मोड आलेल्या कुळथाची उसळ पानात तशीच टाकून उठतात.