कापड मला ओढतं

ब्लाउजचं माप देताना, अस्तर निवडताना, कधी नुसतंच दुकानाच्या पायरीवर टेकल्यावर तुम्ही मला विचारता, "वैनी, रविवारी तो भला मोठा पतंग घेऊन माळावर जाता म्हणं. काय मिळतं ओ त्यात?" त्या वेळी माझ्या तोंडात टाचण्या असतात आणि उत्तर राहून जातं. तुम्ही परत परत विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

पतंग माझ्याकडं आधी शिवायला आला. भावाचा मुलगा रामेश्वरमच्या समुद्रावर काइटसर्फिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं, शिकून आला होता. पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर सराव करायला लहान पतंग असतो. तसा एक जुना त्यानं विकत आणला, बाभळीत अडकवून फाडला आणि माझ्यापुढं टाकला. "आत्या, एवढं शिवून दे."

मी कापड हातात घेतलं आणि ते काय आहे हे बघण्यातच दुपार गेली. रिपस्टॉप नायलॉन. छत्रीच्या कापडासारखं, पण दर काही धाग्यांनी एक जाड धागा, उभा आणि आडवा, म्हणून फाटलं तरी चीर पुढं धावत नाही. आत काडी नाही, कामटी नाही. वर एक पदर, खाली एक पदर, मध्ये उभ्या पट्ट्या आणि पुढची बाजू उघडी, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पिशव्यांची रांगच. पट्ट्यांना गोल भोकं. ती कशाला, विचारलं तर म्हणाला, एका पिशवीतली हवा दुसरीत जायला. वारा पुढून आत शिरतो, पिशव्या फुगतात आणि सगळ्याला मिळून विमानाच्या पंखाचा आकार येतो. मी तीस वर्षं अंगाच्या मापाचं कटिंग करत आले, हे वाऱ्याच्या मापाचं कटिंग होतं. असा बिनकाडीचा पतंग अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांनी १९६४ साली काढला. आजची पिशव्या-पिशव्यांची चौकोनी पॅराशूट आणि पॅराग्लायडर त्याच कल्पनेतून आले.

शिवताना सुई बारीक घेतली आणि टाका जरा लांब ठेवला. नायलॉनला पडलेलं भोक बुजत नाही. टाके जवळजवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखं तिथंच फाटतं. काम झाल्यावर म्हटलं, माझी शिलाई टिकते का ते मला बघायचंय, मीपण येते.

संक्रांतीचा पतंग डोळ्यासमोर आणू नका. इथं काटाकाटी नाही, मांजा नाही. पतंग तीन चौरस मीटरचा, चार दोऱ्या, प्रत्येक वीस मीटर, दोन्ही हातांत एकेक मूठ. वरच्या दोन दोऱ्यांवर ओढ येते, खालच्या दोन ब्रेकच्या. डावी मूठ ओढली की पतंग डावीकडं वळतो, उजवी ओढली की उजवीकडं. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की समोर दोऱ्यांच्या लांबीएवढा एक अर्धा घुमट असतो असं समजा. त्याच्या कडेला आणि थेट डोक्यावर पतंग शांत असतो, ओढ बेताची. समोर, मधोमध, खाली आणलात की तोच पतंग बैलासारखा जोर करतो. नुसता उभा धरण्यापेक्षा इंग्रजी आठचा आकडा आडवा काढत फिरवला तर आणखी ओढतो, कारण धावताना तो स्वतःचा वारा स्वतः तयार करतो.

पहिल्या दिवशी मी तो डोक्यावरून सरळ मध्ये आणला. काय झालं ते कळायच्या आत पाय उचलले गेले आणि मी पोटावर पडून सरकत होते. भाचा ओरडत होता, "आत्या, सोड! सोड!" आणि माझी मूठ घट्ट. कोपरं सोलवटली. मनगटाला पट्टा बांधलेला असतो आणि तो ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेला असतो. मुठी सोडल्या की ओढ फक्त ब्रेकवर येते आणि पतंग क्षणात मिटून खाली बसतो. हे मला आधी सांगितलेलं होतं. पण कापड हातातून निसटायला लागलं की धरायचं, हीच सवय हातांना. पुढचे दोन रविवार मी उडवायला शिकलेच नाही, फक्त सोडायला शिकले. डोक्यावर न्यायचा, सोडायचा. परत लावायचा, सोडायचा.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. मशीनवर दिवसभर मान खाली असते. कापड मी ओढते, मी सरळ करते, मी धरते. माळावर मान वर असते आणि कापड मला ओढतं. टाचा मातीत रोवायच्या, गुडघे वाकवायचे, कमरेतून मागं बसायचं, जणू मागं खुर्ची आहे. मागं काहीही नसतं, पुढच्या वाऱ्यावर भार टाकून मी बसलेली असते. दोऱ्या बारीक आवाजात गुणगुणायला लागतात आणि तो आवाज मुठीतून कोपरापर्यंत येतो. वाऱ्याची झुळूक पतंगाला लागली की कानाला कळायच्या आधी बोटांना कळते. कापडाचा पोत बघायला हीच बोटं मी वापरते, म्हणून असेल, पण त्या झुळकेतला फरक मला ओळखू येतो. पश्चिमेकडचा उन्हाळ्यातला वारा चार वाजल्यानंतर सलग लागतो, तलम. झाडांच्या ओळीवरून आलेला गाठीगाठीचा. जुलैतला मुळीच भरवशाचा नाही, तेव्हा मी जात नाही.

आणि असा वारा सापडला की मी त्या तीस-चाळीस मिनिटांत कुणाची लग्नाची ऑर्डर, कुणाची उधारी, कशाचाच विचार करत नाही. मन आवरावं लागत नाही. पतंग सगळं मागून घेतो आणि मी आनंदानं देते. चांगला जोर लागला की टाचांवर उभी राहून मी मातीत चार-पाच पावलं घसरत जाते आणि लहानपणी झोका वर गेल्यावर पोटात जे व्हायचं ते होतं. पन्नाशी जवळ आल्यावर ते परत मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

याच ओढीवर माणसांनी गाड्यासुद्धा चालवल्या आहेत. १८२६ मध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या मास्तरांनी पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. तेव्हा नाक्यावर टोल घोड्यांवरून ठरायचा आणि या गाडीला घोडाच नव्हता, म्हणून टोल नाही. टोलविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या आपल्या कोल्हापूरला ही गोष्ट मी आवडीनं सांगते.

भीती वाटते का, हेही काहीजणी विचारतात. वाटते, आणि वाटायला हवी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून मोठ्या वाऱ्याला छोटा पतंग. ताणलेली दोरी सुरीसारखी कापते, म्हणून बोटाला वेढा द्यायचा नाही आणि पोरांना कायम माझ्या मागं उभं करायचं. विजेच्या तारा दिसल्या की ती जागा बाद. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला तर आम्ही फिरकतही नाही. १९३४ च्या विमान कायद्यानं पतंगालासुद्धा विमानात धरलं होतं. मसाई पठारावर वारा सुरेख असतो, पण पावसाळ्यानंतर तिथं फुलं असतात आणि माझ्या टाचा जमीन उकरतात, म्हणून तिथं नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा काळा ढग लांब जोतिबाच्या बाजूला जरी दिसला तरी पतंग खाली. वळवाच्या आधी वारा एकदम पडतो आणि मग एकदम येतो.

परत आल्यावर पतंग उलटा धरून झटकावा लागतो. पिशव्यांमधून माती, कुसळं, एखादा नाकतोडा बाहेर पडतो. मग मी बोटांनी सगळ्या शिवणी तपासते. भाच्याच्या बाभळीची जागा चाचपून बघते, टाका अजून तसाच आहे.

येत्या रविवारी यायचं असेल तर साडेतीनला दुकानापाशी या. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला, ओढणी घरी ठेवा. आणि पायात बूट हवेत, चपलेवर टाच रोवता येत नाही. पहिल्या दिवशी मी तुम्हाला फक्त सोडायला शिकवणार आहे.