तीन हजार गेले, सही राहिली

शनिवारी रात्री पावणेदोनला भाच्याचा फोन आला. "मामा, झोपला होतास का?" या वेळेला असा प्रश्न आला की समजावं, काहीतरी बिघडलंय. त्याचा रूममेट आत होता. ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळे बारमध्ये गेले होते, बाहेर पार्किंगमध्ये बाचाबाची झाली, हातात ग्लास होता, समोरच्याच्या कपाळाला टाके पडले. पोलिसांनी गंभीर गुन्हा लावला. जामीन तीस हजार डॉलर. आणि भाच्यानं तोवर गुगलवर एक बॉण्ड्समन, म्हणजे फी घेऊन जामीन राहणारा एजंट, शोधूनही ठेवला होता.

मी कॅलिफोर्नियात बारा वर्षं आहे, पण तुरुंगाशी संबंध कधी आला नव्हता. पहिली अडचण अगदीच आपली निघाली. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, साइटवर कैद्याचं नाव टाकून तो कुठे आहे ते बघता येतं, पण हा सापडेना. पासपोर्टात त्याच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं आहे, आणि पोलिसांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलेलं. दोन्ही नावं मिळून एक लांबलचक 'फर्स्ट नेम' करून शोधल्यावर एकदाचा सापडला. तुमचं कुणी इथं असेल तर त्याचं नाव पासपोर्टावर नेमकं कसं छापलंय, ते जन्मतारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा.

मग त्याचाच आतून फोन आला. "दादा, मी आधी हात उचलला नाही, तोच..." असं सुरू केल्याबरोबर मी त्याला थांबवलं. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात आणि सरकारी वकील ते ऐकू शकतात. बरा आहेस का, जेवलास का, एवढंच विचारायचं. बाकी सगळं वकिलाला.

आता हा बॉण्ड्समन काय प्रकार आहे, ते मला दुसऱ्या दिवशी सांगलीला बाबांना समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे जामीनदार म्हणजे ओळखीचा माणूस. तो कोर्टात उभा राहतो, सातबारा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला देतो. इथं जामीनदारी हा धंदा आहे. परवाना असलेला एजंट, त्याच्यामागे विमा कंपनी, आणि कोर्टाला तीस हजारांची हमी देण्याबद्दल तो तुमच्याकडून फी घेतो. कॅलिफोर्नियात ती बहुतेक दहा टक्के असते. खासगी वकील केलेला असेल तर काही कंपन्या आठ टक्केही लावतात. असा धंदा कायद्यानं चालू असलेले देश जगात जवळपास दोनच, अमेरिका आणि फिलिपिन्स. सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोतच झाली असं सांगतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मॅकडोनॉ नावाच्या भावांनी.

बाबांचा पहिला प्रश्न: "मग ते तीन हजार परत कधी मिळणार?"

मिळत नाहीत. मुलगा प्रत्येक तारखेला हजर राहिला, निर्दोष सुटला, अगदी सरकारी वकिलानं गुन्हाच दाखल केला नाही, तरी ते गेले. ती अनामत नव्हे, विम्याचा हप्ता आहे. परत मिळणारे पैसे हवे असतील तर पूर्ण तीस हजार रोख स्वतः भरायचे. खटला संपला की ज्यानं भरले त्याला मिळतात. तेव्हा पावती आपल्या नावानं घ्यायची. ती आरोपीच्या नावानं केली तर दंड आणि कोर्टाचा खर्च त्यातूनच वळता होऊ शकतो. पण रात्री दोनला तीस हजार रोख कुणाकडे असतात?

तीन हजार त्या मुलाच्याच कार्डावर निघाले. मला बोलावलं होतं सहीसाठी.

तुरुंगासमोरच्या गल्लीत लाल दिव्यांची पाटी, आत एक टेबल, कॉफीचं मशीन, आणि अतिशय गोड बोलणारी एक बाई. तिनं सतरा-अठरा पानांचा करार पुढे केला. जिथे जिथे पिवळी चिकटपट्टी, तिथे आद्याक्षरं. पगाराची स्लिप, घराचं कर्ज किती फिटलंय, गाडीचा नंबर, बायको कुठे काम करते, तीन नातेवाइकांचे फोन. ती म्हणाली, "नुसती फॉर्मॅलिटी आहे." भाचा शेजारी पाय हलवत बसला होता.

मला मात्र आमच्या घरातली दर महिन्याची एक तारीख आठवत होती. बाबा प्राथमिक शिक्षक. शाळेतल्या एका गुरुजींच्या पतसंस्थेच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. गुरुजींनी हप्ते थांबवले आणि चार वर्षं बाबांच्या पगारातून कपात झाली. दर एक तारखेला आई त्या गुरुजींचं नाव घ्यायची, आणि बाबा उठून अंगणात जायचे. त्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये मला तोच कागद दिसत होता. म्हणून मी बसून वाचला. पन्नास मिनिटं लागली. बाईंचा गोडवा हळूहळू कमी होत गेला.

वाचल्यावर कळलं ते असं. खरा जामीनदार बॉण्ड्समन नव्हताच, मी होतो. मुलगा तारखेला आला नाही की बॉण्ड जप्त होतो. मग त्याला परत आणायला साधारण १८० दिवस मिळतात, आणि तेवढ्यात तो सापडला नाही तर कंपनी कोर्टाला तीस हजार भरते आणि माझ्याकडून वसूल करते. शोधायला माणूस लावला तर त्याचा खर्चही माझाच. खटला सहा महिने चालो की दोन वर्षं, सही तोवर जिवंत. शिवाय बॉण्ड्समनच्या अटी वेगळ्या. याला दर सोमवारी फोन करायचा होता आणि विचारल्याशिवाय राज्याबाहेर जायचं नव्हतं. अट मोडली तर तो त्याला पुन्हा तुरुंगात नेऊन सोपवू शकतो. हा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८७२ सालीच मान्य केलाय. सबळ कारण नसताना सोपवलं तर कॅलिफोर्नियात फी परत मागता येते, एवढाच काय तो दिलासा.

घर तारण लिहून द्यायचं एक पान होतं. ते मी करत नाही म्हटलं. बाई आत जाऊन आल्या आणि पगाराच्या स्लिपवर काम झालं. म्हणजे ते पान गरजेचं नव्हतंच.

रस्त्यावर 'शून्य भरा, आत्ता सोडवा' अशा जाहिराती दिसतात, त्यात सवलत काही नसते. विमा कंपनीनं राज्याकडे जो दर नोंदवलाय त्याखाली एजंटला जाता येत नाही. आज शून्य म्हणजे उरलेले तीन हजार हप्त्यानं, आणि त्या उधारीलाही सही तुमचीच. परवाना राज्याच्या विमा खात्याच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो, आम्ही तो टेबलापाशीच तपासला. आणखी एक, वकील सुचवणं इथं बॉण्ड्समनला मना आहे. जो सुचवतो, त्याच्याकडून उठावं.

सोमवारी वकील गाठला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला शनिवारी रात्रीच फोन का नाही केलात?" कायद्यानं अटकेपासून ४८ तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, पण त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. शनिवारी रात्री पकडलेल्याला मंगळवार-बुधवार उजाडू शकतो. तिथं वकील रक्कम कमी करा म्हणू शकतो, किंवा नुसत्या हमीवर सोडा म्हणू शकतो, साधारण आपल्या जातमुचलक्यासारखं. आरोपीची ऐपत न्यायाधीशांनी विचारात घ्यायला हवी, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय. पहिल्या तारखेला तर सरकारी वकिलानं गुन्हाच सौम्य करून दाखल केला. आत असता तर बहुधा फुकट सुटला असता, असं आमच्या वकिलाचं मत. आम्ही बाहेर काढून बसलो होतो, तेव्हा आधीचाच बॉण्ड पुढे चालू राहिला.

मग चुकलो का? मला तसं म्हणवत नाही. तो एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. सोमवारी न सांगता गैरहजर, मंगळवारी गैरहजर, बुधवारी नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर व्हिसाचा पाया नाही. तीन हजार डॉलरला आम्ही ते तीन दिवस विकत घेतले. फक्त ते विकत घेतोय हे माहीत असतं तर बरं झालं असतं, आणि आधी वकिलाला फोन केला असता. इमिग्रेशनचा वकील वेगळा विचारावा, कारण फौजदारी कोर्टात किरकोळ वाटणारी तडजोड व्हिसाच्या नजरेत किरकोळ नसते. अटकेत असलेल्या परदेशी माणसाला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवायला सांगता येतं, हेही आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

डिसेंबरमध्ये त्याच्या बहिणीचं लग्न होतं कराडला. गेला नाही. न्यायाधीश आणि बॉण्ड्समन दोघांची परवानगी मागता आली असती, पण खटला चालू असताना परत येताना व्हिसाचं काय होईल याची हमी कोण देणार? घरी सांगितलं, प्रोजेक्टचं रिलीज आहे. अक्षता त्यानं लॅपटॉपसमोर टाकल्या. भाच्यानं नंतर तो तांदूळ कीबोर्डमधून काढला.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं. न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला तुमचे नातेवाईक असतील, तर तिथे २०१७ पासून पैशांचा जामीन जवळपास संपलाय. इलिनॉयनं सप्टेंबर २०२३ मध्ये तो पूर्णच काढून टाकला. केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिनमध्ये बॉण्ड्समनच नाहीत. टेक्सासमध्ये मात्र आहेत. राज्य बदललं की हा लेख अर्धा निरुपयोगी.

खटला नऊ महिन्यांनी मिटला. बॉण्ड मोकळा झाल्याचं पत्र त्या ऑफिसनं आपणहून पाठवलं नाही. मी तीनदा फोन केल्यावर मिळालं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याची झेरॉक्स काढून ठेव. दोन."