बंबईवाली

इंग्लंडमधल्या आमच्या ब्लॅकबर्नमध्ये मुसलमानांची वानवा नाही. २०२१च्या जनगणनेत ब्लॅकबर्न-डार्वेनमध्ये आम्ही ३५ टक्के भरलो. पण त्यातले बहुतेक गुजराती, नाहीतर पाकिस्तानी. आम्ही कोकणी मूठभर. शेजारच्या खाला मला 'बंबईवाली' म्हणतात. आमचं महाड मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

गोऱ्यांची तऱ्हा वेगळी. २९ जुलै २०२४ला साउथपोर्टच्या चाकूहल्ल्यात तीन लहान मुली गेल्या. हल्लेखोर जन्मलेला कार्डिफला, पण तो आश्रय मागायला होडीतून आलेला मुसलमान असल्याची अफवा उठली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. संडरलँडला तर कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सांच्या टॅक्सीवर दगड मारले. मारणाऱ्याला काय, रंग दिसला की झालं.

मीही नर्स, आणि डोक्यावर स्कार्फ. त्या आठवड्यात नेमकी रात्रपाळी. मी दारातून आत शिरेपर्यंत नवरा गाडी हलवायचा नाही. वॉर्डात एका म्हाताऱ्यांच्या टाचेला बेडसोर झाला होता. पट्टी बदलताना मी पाय मांडीवर घेतला, तर म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही हं पोरी, ते बाकीचे." मी पट्टीच्या कडा दाबून बसवल्या. बाकीचे म्हणजे माझा नवरा, की खाला?

खरं सांगू, याचं इतकं लागत नाही. लागतं ते आपल्यांचं. आमचं आडनाव देशमुख. मँचेस्टरला मराठी लोकांच्या दिवाळीला फोनवर नाव नोंदवलं तेव्हा "या या, नक्की या!" आणि प्रत्यक्ष गेल्यावर, बटाटेवड्याच्या रांगेत, एक काकू, "अगंबाई, किती छान मराठी बोलता हो! कुठे शिकलात?"

"शाळेत. पहिलीपासून मराठी माध्यम."

"हो, पण घरी उर्दूच ना?"

घरी आम्ही कोकणी बोलतो. लेखक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्मभर मराठीत लिहीत राहिले, हेही ओठांवर आलं होतं; तेवढ्यात रांग पुढे सरकली. (वडे मात्र गार होते.)

यंदाच्या दिवाळीला तिथल्या लोकांनी मला सूत्रसंचालन करायला सांगितलंय. मी हो म्हटलं. पत्रिकेचा नमुना आला तर त्यात बाकी सगळ्यांची पूर्ण नावं आणि माझं नुसतं 'सौ. देशमुख'. लगेच फोन लावला: शबाना घाला, नाहीतर दुसरं कोणी बघा.