257 ने भागायचंच कशाला?

कपाशीची वेचणी लागली की चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीचा वर्ग निम्मा रिकामा होतो. त्या शनिवारी मोजकीच मुलं होती. धडा पुढे नेला नाही, मूळ संख्यांवरच थांबलो.

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडच्या पद्धतीने सांगून झालं होतं: हातातल्या सगळ्या मूळ संख्या गुणा, 1 मिळवा. एका मुलीने घरी 1 ऐवजी 2 मिळवून पाहिले. 3 अधिक 2 म्हणजे 5. 3 × 5 + 2 = 17. मग 3 × 5 × 17 + 2 = 257, मग तसंच 65537. सगळ्या मूळ! पुढची संख्या तिने वहीत हाताने गुणून काढली होती: 4294967297. एकही आकडा चुकला नव्हता.

"सर, हीपण मूळच असेल ना?"

1640 च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही असंच वाटत होतं. ही संख्या म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. ती संयुक्त आहे, हे ऑयलरने 1732 मध्ये दाखवलं. मी उत्तर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की हिला मूळ विभाजक असलाच तर त्याला 64 ने भागल्यावर बाकी 1 उरते. ते का, हे नववीत सिद्ध करता येत नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

फळ्यावर यादी केली: 65, 129, 193, 257, 321, 385, 449, 513, 577, 641. 3 आणि 5 च्या कसोट्यांनी निम्म्या तिथेच खोडल्या. उरल्या पाचच. एरवी 641 पर्यंतच्या मूळ संख्या एकेक करून तपासायच्या तर शंभराच्या वर भागाकार! 193 ने बाकी 109 आली. मुलं 257 कडे वळली, तशी ती उभी राहिली.

"257 ने भागायचंच कशाला? 257 ने गुणूनच तर ही बनवली. वर 2 मिळवलेत. बाकी 2 च येईल."

मी खडू खाली ठेवला. तिच्या यादीतल्या कुठल्याही दोन संख्यांना 1 सोडून सामाईक विभाजक का नसतो, याचं अख्खं कारण त्या वाक्यात आहे (असलाच तर तो बाकीच्या 2 लाही भागेल, आणि या संख्या तर सगळ्या विषम), आणि ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नेमके तेव्हाच एक सहकारी दारातून विचारून गेले, "हे पेपरात येतं का?" पेपरात नाही ते शिकवायचं नाही, या हट्टापायी किती पोरांचं गणित मारलं जातं, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

449 ने बाकी 325, 577 ने 288. मग मागच्या बाकावरून ओरड आली: "सर, शून्य उनी!" 641 × 6700417.

ती हिरमुसेल असं वाटलं होतं. पण तिने लगेच विचारलं, पुढच्या संख्येला 64 च्या जागी 128 घ्यायचे का? हो, 128 च. ती पुढची संख्या 20 आकडी आहे, 18446744073709551617. तिचा विभाजक 274177 हा 1880 मध्ये लँड्रीने शोधला, वयाच्या 82 व्या वर्षी. 128 च्या पायऱ्यांनी तो 2142 व्या पायरीवर येतो. ती हाताने भागत निघाली आहे. तिला थांबवावं, की 65537 च्या पुढे आजवर अशी एकही मूळ संख्या सापडलेली नाही हे आत्ताच सांगून टाकावं, माझं ठरत नाही.