मारुती चौकातल्या ट्रेपासून कुपवाडच्या शेडपर्यंत: आमची वाटचाल

सांगलीत मारुती चौकाजवळ वडिलांनी चिकन सेंटर काढलं तेव्हा मी शाळेत होतो. ओट्याखाली एक ॲल्युमिनियमचा ट्रे असायचा. दिवसभर गिऱ्हाइकं बोनलेस, लेग पीस, करी कट घेऊन जायची आणि माना, पंजे, पाठीचे सांगाडे त्या ट्रेत पडत राहायचे. संध्याकाळी सात वाजले की "मामा, कुत्र्यासाठी काय हाय का?" असं विचारत माणसं यायची. वडील कागदात बांधून द्यायचे. पैसे कधी घ्यायचे, कधी नाही. कुत्र्यांसाठी मांसाचं खाणं बनवायचा आमचा आजचा धंदा त्या ट्रेतूनच निघालाय.

माझं आजोळ जत तालुक्यातलं. मामांकडे कारवान कुत्री होती. लांब तोंडाची, खपाटीला गेलेल्या पोटाची, वाऱ्यासारखी पळणारी. पिल्लांना दूध आणि मक्याच्या कण्या, कधी अंडं, आणि गावात बोकड कापला की हाडं. पिल्लू विकत घ्यायला कोणी आलं की मामा आधी त्याला अंगणात चालवून दाखवायचे. "तोंड बघू नको, मनगट बघ," असं ते मला सांगायचे. कुत्र्याच्या पुढच्या पायाचा तो खालचा सांधा. तो सरळ असला, पंजा घट्ट मिटलेला असला, की पिल्लू चांगलं वाढतंय. ही नजर मला मामांनी दिली. तिचा उपयोग कळायला बरीच वर्षं गेली.

२०१८ साली एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे रोज पाव किलो बोनलेस न्यायला लागले. त्यांनी लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं होतं, ब्रूनो. हाड घशात अडकतं असं त्यांनी ऐकलेलं, म्हणून जिवापाड जपत निव्वळ बोनलेस, तेही कच्चं, कारण कच्च्यानं वाढ चांगली होते असं कोणीतरी सांगितलेलं. मीच सगळ्यात चांगला तुकडा निवडून द्यायचो. दोनेक महिन्यांनी ते पिल्लाला दुकानात घेऊन आले. चार महिन्यांचं पिल्लू, अंगावर तकाकी, पण पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले आणि मनगट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. उचलायला गेलो तर कळवळलं. मामांचं वाक्य तिथं ओट्याशी उभ्या उभ्या आठवलं.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी एक्स-रे काढला आणि मला मुद्दाम बोलावून दाखवला. हाडं काचेसारखी फिकी दिसत होती, मागच्या मांडीच्या हाडाला बारीक चीर होती. मग त्यांनी हिशेब मांडला. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलीग्रॅम, आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. पिल्लाला हे दोन्ही लागतात आणि कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, साधारण सव्वाला एक. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून काढतात. पिल्लू मांस खाऊन वजनानं वाढत होतं आणि ते वजन पेलणारी हाडं आतून पोकळ होत होती. डॉक्टर मला रागावले नाहीत. "तू विकलंस, त्यांनी घेतलं, पण सांगायला कोणी नव्हतं," एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ब्रूनोला आठवडेच्या आठवडे छोट्या जागेत ठेवलं, आहार बदलला. तो सावरला. पण त्यानंतर कुत्र्यासाठी बोनलेस मागणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायला लागलो: वय किती, जात कुठली, बरोबर आणखी काय घालता? गिऱ्हाइकांना ते आधी विचित्र वाटायचं. पत्नीनं एक वही केली. नाव, पिल्लाचं वजन, दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन. ती वही म्हणजे आमच्या धंद्याचं पहिलं भांडवल.

कच्चा आहार हा शब्द आमच्याकडे बाहेरून आला. १९९३ च्या सुमारास इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं तो लोकांपुढे मांडला आणि पुढं कच्चं घालणाऱ्यांत ऐंशी-दहा-दहाचं गणित रूढ झालं: ८० टक्के मांस, १० टक्के खाता येईल असं हाड, १० टक्के अवयव, त्यातली निम्मी कलेजी. मला ते वाचताना जाणवलं की आमच्या ओट्याखालच्या ट्रेत यातलं जवळजवळ सगळं होतं, फक्त मोजमाप नव्हतं. कोंबडीच्या मानेत साधारण ३६ टक्के हाड, पंखात ४६, पंजात ६०. म्हणजे नुसत्या माना घातल्या तर हाड भरमसाट होतं, कुत्र्याला खडूसारखी पांढरी, कोरडी शी होते आणि ते कुंथत बसतं. नुसतं बोनलेस घातलं तर ब्रूनो होतो. कलेजी हातचं न राखता घातली तर अ जीवनसत्त्व जास्त होतं, तेही हाडांनाच बाधतं. आम्ही मिन्सर घेतला, मानेसकट सगळं बारीक खिमा करायला लागलो. हाड दळलेलं असलं की घशात अडकायची, दात मोडायची भीती जाते. शिजवून कडक झालेलं अख्खं हाड मात्र कधीच नको, त्याचे सुईसारखे तुकडे होतात.

ऐंशी-दहा-दहा पाळलं की झालं, असंही नाही. जस्त, मँगनीज, आयोडीन, ई जीवनसत्त्व यात कमीच पडतं. मोठ्या कुत्र्याला ते काही दिवस चालून जातं, वाढत्या पिल्लाला चालत नाही. आम्ही रत्नागिरीकडून येणारे शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) आणि तारली मासळी वापरून पाहिली, उकडून, कारण काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. पण मासळी रोज सारखी मिळत नाही. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्यानं जीवनसत्त्वं आणि खनिजांचं तयार मिश्रण मोजून घालायला लागलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं सगळं नेलं. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुकानात छतापर्यंत पाणी होतं. नुकतेच कर्ज काढून घेतलेले दोन डीप फ्रीझर तरंगत जाऊन दाराशी आडवे पडले होते. पाणी ओसरल्यावर आत शिरलो तो वास अजून आठवतो. वही मात्र वाचली, पत्नीनं घर सोडताना ती कागदपत्रांच्या पिशवीत घातली होती. पुढचे महिनाभर कुत्र्यांची गिऱ्हाइकंच आधी आली. एकानं स्वतःचा जुना फ्रीज आणून दिला, एक ताई तीन दिवस फरशी घासायला आल्या.

सावरतोय तोवर २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली. चिकनचे भाव कोसळले, पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पक्षी फुकट वाटले, काहींनी पुरले. आमचं रोजचं गिऱ्हाईक तुटलं, पण कुत्र्यांच्या खाण्याचं नाही. मग टाळेबंदीत घरोघरी पिल्लं आली आणि वही भरत गेली. वडील म्हणाले, आता हाच धंदा कर. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. २०२१ च्या पुराआधी आम्ही कुपवाडला उंचावर शेड घेतली होती. जनरेटर, ब्लास्ट फ्रीझर, धुण्यासाठी वेगळी खोली. त्या वर्षीही गावभागात पाणी आलं. आमचा माल उणे १८ अंशांवर जसाच्या तसा राहिला.

बोकडाच्या मांसाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सुरुवातीला आम्ही फोपसं, म्हणजे फुप्फुसंही घ्यायचो, स्वस्त पडतं म्हणून. एके सकाळी माझा कामगार एक फोपसं पिळून बघताना थांबला. वरच्या बाजूला लिंबाएवढा, पांढरट, पाण्यानं भरलेला फुगा होता. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला: हायडॅटिड. हा फुगा कच्चा कुत्र्याच्या पोटात गेला की तिथं बारीक टेपवर्म, म्हणजे चपटे जंत तयार होतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या हाताला लागून पोटात गेली तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात असाच फुगा वाढतो. वर्षानुवर्षं कळतही नाही. त्या दिवसापासून फोपसं बंद. प्रत्येक कलेजी खिडकीच्या उजेडात चिरून बघायची, शंका आली की बाजूला, आणि बाजूला काढलेलं जाळून टाकायचं, उकिरड्यावर नाही. खाटकाच्या दुकानाबाहेर भटक्या कुत्र्यांना असे तुकडे फेकताना दिसले की मी आजही गाडी थांबवून बोलतो.

दुसरा त्रास कॅल्शियमच्या टॉनिकचा. पिल्लाचे पाय जरा वाकडे दिसले की लोक बाटली आणतात, आणि आमचा संतुलित डबा घालतानाही वरून चमचा-चमचा ओततात. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, रॉटवायलर यांच्या पिल्लांना हे फार महागात पडतं. लहान वयात त्यांचं आतडं जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंचसं शोषून घेतं आणि सांध्याच्या कूर्चेची वाढ बिघडते. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर याचा अभ्यास झालेला आहे. मी गिऱ्हाइकाला सांगतो, बाटली ठेवून द्या आणि पिल्लाच्या बरगड्या चाचपा. बोटाला सहज लागल्या पाहिजेत. गुटगुटीत पिल्लू फोटोत छान दिसतं, पण मोठ्या जातीत तोच भार कोवळ्या सांध्यांवर येतो. हळू वाढू द्या. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा, आणि दर पंधरा दिवसांनी वजन.

मी कच्च्या आहाराचा धंदा करतो, तरी या आहाराविरुद्ध जे बोललं जातं ते मी गिऱ्हाइकापासून लपवत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ मध्येच कच्चं मांस घालू नका अशी भूमिका घेतली, कारण साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया. गोठवल्यानं हे जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर आम्ही कच्चा डबा देत नाही. पहिल्यांदा असं नाही म्हटलं तेव्हा गिऱ्हाईक चिडून गेलं. आठवड्यानं परत आलं आणि शिजवलेला डबा घेऊन गेलं.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारीत अहवाल आला: एच५एन१, बर्ड फ्लू. कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी असा संशय होता. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही, देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नवापूरला झाला होता. पण पिंजऱ्यात, देखरेखीखाली राहणारे वाघ मेले, हे वाचून मी शेडमध्ये बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. आम्ही मांजरांसाठीही कच्चं चिकन द्यायचो. मांजरांना हा विषाणू कुत्र्यांपेक्षा फार जास्त बाधतो. त्याच आठवड्यात मांजरांचा कच्चा डबा बंद केला. पिल्लांचाही केला. आता कोंबडीचा सगळा माल हाडासकट बारीक दळून वाफेवर शिजतो, आतल्या गाभ्याचं तापमान थर्मामीटर खुपसून बघितलं जातं, ७० अंशांच्या वर गेल्याशिवाय खाली उतरत नाही. कच्चं आम्ही फक्त मोठ्या निरोगी कुत्र्यांना देतो, म्हशीचं किंवा बोकडाचं, आणि तेही घरच्यांशी बसून बोलल्यावर.

काही जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली. "कच्च्यातली ताकद गेली," म्हणाली. मी त्यांना वही दाखवतो. शिजवलेल्या डब्यावर वाढलेल्या पिल्लांची वजनं, त्यांच्या पायांचे फोटो. हाडाचं, कलेजीचं, मांसाचं माप तेच आहे, आणि पिल्लाचे पाय त्या मापावर उभे राहतात. वाफेनं जे थोडं जीवनसत्त्व जातं ते थंड झाल्यावर मिसळता येतं. तरी काहीजण सोडून गेले. ज्यांच्यामुळं २०१९ मध्ये उभा राहिलो त्यांतलेही दोघं होते. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण निर्णय बदलला नाही.

आज शेडमध्ये आम्ही सहाजण आहोत. खरेदी वडील बघतात. पक्षी कुठल्या फार्मचा, आजारी तर नव्हता, हे त्यांना पिसांवरून कळतं. पत्नीची वही आता संगणकावर गेली असली तरी जुन्या सहा वह्या काचेच्या कपाटात आहेत. जतहून मामांचा मुलगा कारवानची पिल्लं दाखवायला आणतो तेव्हा मीच त्यांना शेडच्या फरशीवर चालवतो.

ब्रूनो अजून येतो. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत. सर आता काठी घेऊन चालतात, त्यामुळं दोघांची चाल सारखीच सावकाश. उजवा पुढचा पाय तो किंचित बाहेर टाकतो, ते कधीच गेलं नाही. दर गुरुवारी सर डबा घ्यायला आले की मी बाहेर येतो, खाली बसतो आणि ते मनगट हातात घेऊन एकदा चाचपून बघतो. ब्रूनो तेवढा वेळ माझ्या खांद्यावर मान टेकवून शांत उभा राहतो.