बर्लिनच्या अंगणातून तेल अवीवच्या रंगमंचावर

शनिवार, रात्र

जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ लांगचा ‘एम’ लावला आणि पहिल्या दोन मिनिटांच्या पुढे सरकलेच नाही. १९३१ चा सिनेमा, लांगचा पहिला बोलपट. कॅमेरा वरून बघतोय. खाली वाड्यासारख्या इमारतीचं अंगण, मुलं रिंगण करून उभी. मधोमध एक मुलगी हात ताणून एकेकाकडे बोट दाखवत फिरतेय आणि गाणं म्हणतेय : थोडं थांब, काळा माणूस येईल, कुऱ्हाडीनं तुझा खिमा करील. ज्याच्यावर गाणं संपेल तो बाद. वरून एक बाई ओरडते, हे भलतंसलतं गाऊ नका म्हणून. तिच्याकडे कोण लक्ष देतंय!

मधे उभी असलेली ती मुलगी हान्ना मारोन, पुढे इस्राएलची मोठी नटी झाली ती. श्रेयनामावलीत नाव नाही. वय सात. पण तेवढ्याशा वयात तिच्याकडे नटीचा आत्मविश्वास आहे, बोट दाखवताना मान जराही हलत नाही. बर्लिनच्या रंगभूमीवर ती तेव्हा बालकलाकार म्हणून माहीत झालेलीच होती. त्याच सुमारास एरिख केस्टनरच्या लहान मुलांच्या गोष्टीवरच्या नाटकात तिनं प्युंक्टशेन या मुलीचं काम केलं. आणखी दोन वर्षांनी, १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि हे कुटुंब पॅलेस्टाइनला गेलं. जर्मन बोलणाऱ्या बालनटीला तिथं कोण विचारणार?

आज दिवसभर डोक्यात तेच घोळत होतं. चित्रकार देश सोडतो तेव्हा रंग बरोबर नेता येतात. वादकाला वाद्य नेता येतं. नटाचं हत्यार मात्र बोली, आणि नेमकी तीच मागे ठेवावी लागते.

तिच्याआधीच्या पिढीनं हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं सोडवला होता. हबिमा ही हिब्रू नाटकमंडळी निघाली मॉस्कोत, १९१७ साली. तिथली मोठी नटी हान्ना रोव्हिना मूळची बालवाडीची शिक्षिका. जानेवारी १९२२ मध्ये ‘द दिब्बुक’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, नवरीच्या, लेआच्या भूमिकेत रोव्हिना. दिग्दर्शक वाख्तांगोव आर्मेनियन, त्याला हिब्रू येत नव्हती. मॉस्कोतल्या कित्येक प्रेक्षकांनाही येत नव्हती. मग उरतं काय, तर आवाजाचा चढउतार, शरीर, लय. पांढरा झगा, दोन लांब काळ्या वेण्या, आणि नवरीच्या तोंडून मेलेल्या प्रियकराचा आवाज! त्या भूमिकेचा लोकांवर एवढा पगडा बसला की १९४८ साली न्यूयॉर्कच्या दौऱ्यावरही लेआ रोव्हिनाच करत होती, आणि तेव्हा ती साठीला टेकलेली होती. (आपल्याकडे हे कुणाला फारसं नवल वाटणार नाही. बालगंधर्वही उतारवयापर्यंत स्त्रीभूमिका करत राहिले, आणि लोक जातच राहिले.)

पण रोव्हिनाची हिब्रू प्रार्थनेसारखी, व्यासपीठावरची. हबिमा पॅलेस्टाइनला येऊन स्थिरावली तोवर रस्त्यावर एक पिढी वाढत होती जी हिब्रूत भांडत होती, भाजीचा भाव करत होती. त्या पोरांना रशियन हेलातलं, प्रत्येक वाक्याला उंच चढणारं ते बोलणं पुढे पुढे जुनाट वाटायला लागलं. मारोन हबिमाच्याच नाट्यशाळेत शिकली, महायुद्धात ब्रिटिश सैन्यात गेली, आणि परत आल्यावर जुन्या घरी न राहता कामेरीत आली. योसेफ मिलोनं १९४४ मध्ये काढलेली ही नवी कंपनी, तरुणांची. इथं पात्रं रोजच्यासारखी बोलणार होती.

रोजच्यासारखं बोलणं हे रंगमंचावरचं सगळ्यात अवघड काम आहे, हे तालमीत उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यात भाषा दहाव्या वर्षी हाती आलेली.

मे १९४८. इस्राएलचं राज्य जाहीर होऊन पुरते वीस दिवसही झालेले नाहीत, युद्ध सुरू आहे, आणि कामेरी मोशे शमीरच्या कादंबरीवरून केलेलं ‘तो शेतांतून चालत गेला’ उभं करते. नायक उरी, किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत जन्मलेला, मातीतला. नायिका मीका, युरोपातून जीव वाचवून आलेली पोर. मीका मारोननं केली. इथल्या मुलाशेजारी उभी राहणारी बाहेरची मुलगी, आणि तिची हिब्रू ऐकून कुणी ‘ही बाहेरची’ म्हणू नये. दोन्ही एकाच वेळी साधायचं! त्याच काळानंतर कोकणातून, मुंबईतून बेने इस्राएल ज्यू मंडळी तिकडे जायला लागली. त्यांना हिब्रू प्रार्थनेपुरती माहीत, घरात मराठी. त्यांतल्या किती मुलींना मीकाचं नवखेपण ओळखीचं वाटलं असतं!

म्युनिकबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. १० फेब्रुवारी १९७०, म्युनिकचा विमानतळ. ती ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेच्या ऑडिशनसाठी लंडनला निघाली होती. पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी प्रवाशांवर हातबॉम्ब टाकले. एक जण गेला, तिचा पाय कापावा लागला. त्याच प्रवाशांत आसी दायान होता, ‘तो शेतांतून चालत गेला’च्या १९६७ च्या सिनेमातला उरी. असा योगायोग कुणी संहितेत लिहिला असता तर आम्ही तालमीत हसलो असतो.

ती रंगमंचावर परतली ती ‘मेडिया’ ही ग्रीक शोकांतिका घेऊन. लोक यात जिद्द बघतात, ती आहेच. मला मात्र निवड जास्त बोलकी वाटते. मेडिया कोरिंथमध्ये परकी. नवऱ्यासाठी देश सोडून आलेली, आणि ‘तू आमच्यातली नाहीस’ हे ऐकून घेणारी. पंचवीसेक वर्षांपूर्वीची मीका नि ही मेडिया, दोघी एकाच उंबरठ्यावर उभ्या. १९७३ मध्ये तिला इस्राएल पुरस्कार मिळाला. आणि ज्यांच्याकडून पाय गेला त्यांच्याशी तह करा असं ती शेवटपर्यंत जाहीरपणे म्हणत राहिली. ते तिथं सगळ्यांना रुचणारं नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर ही बाई काय करते, तर ऐंशीच्या दशकात टीव्हीवर विनोदी मालिका! ‘क्रोविम क्रोविम’, म्हणजे नात्यातली माणसं. एका इमारतीत राहणारं गोतावळ्याचं घर, रुसवेफुगवे, चहाकॉफी. इस्राएलमधली ही पहिली सिटकॉम. ‘हॅलो, डॉली’ ही विनोदी संगीतिकाही तिनं आधी केलेली होतीच, त्यामुळे विनोदाचं टायमिंग काही नवं नव्हतं. गेली २०१४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी.

तिच्यावरचे बरेच लेख वाचले. बॉम्ब सगळ्यांत आहे. सिटकॉमला मात्र एखादं वाक्य, तेही ‘लोकप्रिय’ वगैरे म्हणून उरकलेलं. मला हे पटत नाही. मेडियाला तर तिकीट काढून आलेले प्रेक्षक. मालिकेत मात्र ती जेवणाच्या ताटापर्यंत पोचली, आणि ताट पुढ्यात असलेल्या माणसाला खोटं वाक्य लगेच कळतं.